प्रत्यारोपण मुंबईत होते, गुंतागुंत गावात दिसते

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

रक्ताच्या कर्करोगातून अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने बाहेर पडलेल्या रुग्णांच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात. अशा बातम्यांनी धीर येतो, हे मी अनुभवाने सांगते, कारण आमच्या घरचा निर्णय होण्यापूर्वी मी अशी चार-पाच कात्रणे वहीत चिकटवून ठेवली होती. परंतु रुग्ण घरी आल्यानंतर पुढची दोन वर्षे काय काय होऊ शकते, ते कसे ओळखायचे आणि कोणाला किती घाईने कळवायचे, याविषयी मराठीत वाचायला फार थोडे मिळते. ते ठाऊक नसल्यामुळे आमच्याकडून आणि आमच्यावर उपचार करणाऱ्यांकडून ज्या चुका झाल्या, त्या कोकणातील दुसऱ्या कुटुंबाकडून होऊ नयेत, यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची मला कल्पना आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली, तर ताप, इंजेक्शन आणि रक्त यांविषयीचा मजकूर कृपया तसाच ठेवावा.

मी देवगड तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. माझ्या धाकट्या भावाला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी 'अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया' हा रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. प्रत्यारोपणासाठी दात्याच्या ऊतींचे गुणधर्म रुग्णाशी जुळावे लागतात. सख्ख्या भावंडाशी ऊतींचे गुणधर्म पूर्ण जुळण्याची शक्यता प्रत्येकी चारात एक असते. आम्हा चार भावंडांत त्याच्याशी माझे जुळले. पाच दिवस इंजेक्शने घेतल्यावर एका हातातून रक्त यंत्रात जात होते, त्यातील मूलपेशी, म्हणजे ज्यांपासून रक्त तयार होते त्या पेशी, वेगळ्या काढून उरलेले दुसऱ्या हातात परत येत होते. मला भूल दिली नाही की टाका घातला नाही. त्याच्या बाजूला मात्र आधीच्या आठवड्यात जबर केमोथेरपी देऊन त्याची स्वतःची मज्जा रिकामी करण्यात आली होती, आणि मग रक्ताची पिशवी लावतात तशी माझ्या पेशींची पिशवी त्याला लावली. पाऊण तासात ती संपली. पुढे साधारण दोन ते चार आठवड्यांत त्या पेशी हाडांतील मज्जेत रुजतात आणि नवे रक्त तयार करू लागतात. त्याच्या पांढऱ्या पेशी वर चढू लागल्या त्या दिवशी आम्हाला वाटले, जिंकलो.

भारतातील असे पहिले प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले. त्याला चार दशके उलटून गेली, आता निम्मा जुळणारा दाता असला तरी प्रत्यारोपण करता येते, थॅलेसेमिया या जन्मजात रक्तविकाराच्या मुलांसाठी मुंबई महानगरपालिकेने बोरिवलीला स्वतंत्र केंद्र उभारले आहे. ही सारी केंद्रे मोठ्या शहरांत आहेत, आणि ते समजण्यासारखे आहे. रुग्ण मात्र प्रत्यारोपणाला शंभर दिवस झाले की शहरातील भाड्याची खोली सोडून गावी परततो, कारण तिथे राहणे परवडत नाही. आणि गुंतागुंतीचा मोठा भाग तर शंभर दिवसांनंतरही शिल्लक असतो.

आम्ही मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गावी आलो. आंब्यांचे दिवस होते. दहा-बारा दिवसांनी तो सकाळच्या उन्हात कलमांच्या बागेत तासभर फिरून आला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या कानांच्या पाळ्या, मान आणि तळहात लाल झाले. "पित्त उठला असतला, आमसुलाचा पाणी लाव," असे आई म्हणाली आणि आम्ही चार दिवस आमसुलाचे पाणी चोळत राहिलो. गावातल्या डॉक्टरांनी ॲलर्जीची गोळी दिली. चौथ्या दिवशी जुलाब सुरू झाले, तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून दोष आंब्यांना दिला. पाचव्या दिवशी दुपारी मी मुंबईच्या समन्वयक परिचारिकेला दूरध्वनी केला. तिने पहिला प्रश्न विचारला, "तळहात आणि तळपाय बघितलेत का?" आणि दुसरा, "दिवसाला किती मिलिलिटर?" मला दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही.

तो आमसुलाने जाणारा पित्ताचा उठाव नव्हता. त्या आजाराला 'ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट डिसीज' म्हणतात, डॉक्टर थोडक्यात 'जीव्हीएचडी' म्हणतात. दात्याच्या रोगप्रतिकारक पेशींना रुग्णाचे शरीर परके वाटते आणि त्या त्याच्यावर हल्ला करतात. सुरुवातीच्या प्रकारात त्वचा, आतडी आणि यकृत ही तीन ठिकाणे सापडतात: लाल पुरळ, पाण्यासारखे जुलाब व मळमळ, आणि कावीळ. ऊन लागल्याने त्वचेचा त्रास चेतू शकतो, म्हणून छत्री, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि सनस्क्रीन हे त्याच्यासाठी औषधच आहे. थोडक्यात, माझ्याच पेशी माझ्या भावाला पोळत होत्या. हे समजल्यावर मला जे वाटले ते इथे लिहिण्याची गरज नाही. पण दाता झालेल्या प्रत्येक बहीण-भावाला मी एवढे सांगेन की यात दात्याचा दोष नसतो. पुरुष रुग्णाला बाळंतपण झालेल्या स्त्रीच्या पेशी दिल्यास दीर्घकालीन जीव्हीएचडीची शक्यता थोडी अधिक असते, हे डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगितले होते आणि पूर्ण जुळणारे दुसरे कोणी नव्हते. शिवाय रक्तात लपून राहिलेल्या कर्करोगाच्या पेशींना शोधून मारण्याचे काम याच परक्या पेशी करतात. म्हणूनच डॉक्टर त्यांना पुरते गप्प करत नाहीत, आवरून धरतात.

त्या रात्री गाडी करून आम्ही चारशेहून अधिक किलोमीटर महामार्ग कापला. तिथे गेल्यावर लगेच स्टिरॉइड सुरू होईल असे मला वाटले होते, पण त्यांनी आधी दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून तपासला आणि रक्तात 'सीएमव्ही' विषाणूची चाचणी केली. या विषाणूनेही अगदी तसेच जुलाब होतात, त्याचे औषध पूर्ण वेगळे आहे, आणि जीव्हीएचडी समजून नुसते स्टिरॉइड वाढवत नेले तर तो विषाणू फोफावतो. पुरळ व जुलाब पाहून गावात अंदाजाने स्टिरॉइड देणे म्हणूनच धोक्याचे आहे. आणि मुंबईने सुरू केलेले स्टिरॉइड तोंड सुजते म्हणून घरच्या घरी एकदम बंद करणे तितकेच धोक्याचे आहे, कारण तोवर शरीराने स्वतःचे स्टिरॉइड बनवणे थांबवलेले असते. माझ्या भावाला स्टिरॉइडने आराम पडला. ज्यांना पडत नाही त्यांच्यासाठी रुक्सोलिटिनिबसारखी औषधे आता आहेत. त्या दिवसापासून आमच्या न्हाणीघरात खुणा केलेले प्लास्टिकचे भांडे आहे. मोठ्या माणसात दिवसाला पाचशे मिलिलिटरच्या वर जुलाब गेले की आतड्याचा सहभाग धरला जातो आणि हजार, दीड हजार अशा आकड्यांवरून त्याची पायरी ठरते. 'खूप जुलाब होतात' या शब्दांवरून दूरच्या डॉक्टरला काहीच ठरवता येत नाही. 'काल सातशे, आज अकराशे' म्हटले की तो एका मिनिटात सांगतो की निघा.

दुसरी चूक ज्या रात्री झाली ती मी विसरू शकत नाही. जुलैचा महिना होता, बाहेर मुसळधार पाऊस, आणि रात्री नऊला त्याच्या अंगात १००.६ ताप भरला. प्रत्यारोपणानंतर १००.४ फॅरेनहाइट, म्हणजे ३८ सेल्सियस, ही लक्ष्मणरेषा आहे. त्यावर ताप गेला की ती तातडी समजायची, रुग्ण बरा दिसत असला तरी. स्टिरॉइडवर असलेल्या माणसाला तर मोठा संसर्ग असूनही ताप कमीच येतो. आम्ही अर्ध्या तासात जवळच्या रुग्णालयात पोहोचलो. त्या रुग्णालयाचे नाव मी घेणार नाही, कारण ड्युटीवरचे तरुण डॉक्टर कष्टाळू होते, त्यांना या रुग्णाविषयी कोणी कधी काही सांगितलेच नव्हते. त्यांनी ताप उतरवण्यासाठी कमरेत डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन दिले, सलाईन लावले आणि सकाळी रक्ततपासणी करू म्हणाले. त्या दिवशी त्याच्या प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, फक्त बेचाळीस हजार होत्या. पहाटेपर्यंत कमरेपासून मांडीपर्यंत काळानिळा गोळा धरला होता, आणि दात्याच्या पेशींना आवरून धरणारे सायक्लोस्पोरिन चालू असताना डायक्लोफेनॅक दिल्याने मूत्रपिंडावर ताण आला तो वेगळाच. मुंबईच्या डॉक्टरांनी रात्री दीड वाजता दूरध्वनीवरून त्यांच्याशी बोलून शिरेतून प्रतिजैविक सुरू करायला लावले. रक्तात जंतू सापडले. अजून चार तास गेले असते तर काय झाले असते, हे त्याच डॉक्टरांनी नंतर आम्हाला स्पष्ट शब्दांत सांगितले.

तालुक्याच्या डॉक्टरांना माझी हात जोडून विनंती आहे. प्रत्यारोपण झालेला रुग्ण तापाने आला तर रक्ताचे कल्चर (जंतू शोधण्याची तपासणी) घेऊन पहिल्या तासाच्या आत शिरेतून व्यापक परिणामाचे प्रतिजैविक द्यावे आणि मग त्याच्या केंद्राला दूरध्वनी करावा. अहवालाची वाट पाहू नये. स्नायूत इंजेक्शन देऊ नये. तापाला पॅरासिटामॉल पुरते, डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन नको. औषधे देण्यासाठी छातीत नळी बसवलेली असेल आणि ती धुतल्यावर थंडी वाजली, तर जंतू नळीतच असण्याची शंका घ्यावी. आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टो, डेंग्यू, मलेरिया असतातच आणि त्यांच्या तपासण्याही कराव्यात, पण त्यांचे अहवाल येईपर्यंत पहिला डोस थांबता कामा नये.

रक्ताविषयी तर बहुतेकांना ठाऊकच नसते. या रुग्णांना द्यायचे रक्त व प्लेटलेट्स किरणोत्सर्ग देऊन त्यांतील पांढऱ्या पेशी निष्प्रभ केलेल्या असाव्या लागतात. साध्या पिशवीतील पांढऱ्या पेशी रुग्णाच्या दुबळ्या शरीरात रुजल्या तर रक्तातून होणारा जीव्हीएचडी होतो आणि त्यातून रुग्ण क्वचितच वाचतो. जवळच्या नातेवाइकाचे रक्त यासाठी अधिकच धोक्याचे. आमच्याकडे पुतण्या उत्साहाने रक्त द्यायला तयार होता, आणि आपल्या माणसाचे रक्त चांगले ही आपली सर्वांचीच समजूत. जवळच्या रक्तकेंद्रात किरणोत्सर्ग दिलेली पिशवी मिळाली नाही, म्हणून आम्ही रुग्णालाच हलवले. दुसरी गोष्ट म्हणजे रक्तगट. माझा गट ओ, त्याचा बी होता. आता तो हळूहळू ओ झाला आहे. त्याच्या आधार कार्डाच्या पाकिटात जुनी बी गटाची चिठ्ठी अजून होती, ती मी फाडली. रुग्णाच्या तोंडी सांगण्यावर किंवा जुन्या कागदावर विसंबून रक्त देऊ नये, गट बदलत असतानाच्या काळात कोणत्या गटाचे रक्त चढवायचे हे केंद्राला विचारूनच ठरवावे.

गणपतीत आणखी एक धडा मिळाला. आरतीच्या वेळी भावाच्या हातातील ताम्हन थरथरत होते, निरांजनाची ज्योत हलत होती, आणि आम्हाला वाटले अशक्तपणा. रक्तदाब मोजला तर वाढलेला. मुंबईला रक्त पाठवले तेव्हा सायक्लोस्पोरिनची पातळी हवी त्याच्या जवळजवळ दुप्पट आणि मूत्रपिंडावरचा ताण दाखवणारे क्रिएटिनिन वाढलेले. काय खाल्ले याची यादी विचारली गेली. आमच्या परसातील पपनस त्या दिवसांत पिकतात, मखरावरही टांगतात, आणि तो रोज अर्धे पपनस खात होता. रुग्णालयाच्या छापील सूचनांत 'ग्रेपफ्रूट वर्ज्य' असे लिहिलेले होते. ग्रेपफ्रूट आमच्याकडे कोणी पाहिलेले नाही. पण ते फळ पपनसाच्याच कुळातले, पपनस आणि संत्रे यांच्या संकरातून झालेले, आणि दोघांतील द्रव्ये आतड्यात औषध मोडण्याची क्रिया अडवतात. सूचनापत्र तयार करणाऱ्यांनी एकदा कोकणातल्या माणसाला विचारले असते तर तिथे 'पपनस' हा शब्द आला असता. पपनस बंद केले, मात्रा तात्पुरती कमी केली, आठ दिवसांत हात स्थिर झाला.

औषधांच्या बाबतीतही असेच आहे. खोकल्यासाठी लिहिलेले क्लॅरिथ्रोमायसिन किंवा बुरशीवरची व्होरिकोनाझोलसारखी औषधे सायक्लोस्पोरिन व त्याच कामाच्या टॅक्रोलिमसची पातळी वाढवतात, तर क्षयावरील रिफाम्पिसिन आणि फिटवरील फेनिटॉइन ती इतकी उतरवतात की जीव्हीएचडी उसळतो. प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे प्रेमाने आणून देणारे पाहुणे असतात. त्यांना मी आता नम्रपणे सांगते की त्याची प्रतिकारशक्ती आम्ही मुद्दाम औषधाने दाबून ठेवली आहे. पातळी तपासण्यासाठी रक्त सकाळची गोळी घेण्यापूर्वी द्यायचे असते. एकदा तो आठला गोळी घेऊन दहाला प्रयोगशाळेत गेला आणि आलेल्या भलत्याच आकड्याने सगळ्यांची झोप उडाली.

आता दोन वर्षे होत आली. जीव्हीएचडीचे दीर्घकालीन रूप हळू पावलांनी येते. सोलकढी प्यायल्यावर तोंड पोळते असे तो म्हणू लागला, तेव्हा मी विजेरी धरून गालाच्या आत पाहिले. पांढऱ्या रेषांची जाळी दिसली. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होणे, त्वचा घट्ट होणे, सांधे पूर्ण न वाकणे, ही सारी त्याचीच लक्षणे असू शकतात. तोंडात हा आजार असलेल्यांना पुढे तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून तंबाखू आणि मिश्री घरातूनच गेली पाहिजे, आणि आमच्याकडे आईने पन्नास वर्षांची मिश्री सोडली. सर्वांत फसवे दुखणे फुप्फुसांचे. ताप नाही, कफ नाही, फक्त बंदरावरून घाटी चढताना पूर्वी न लागणारा दम लागतो, आणि वय झाले म्हणून सोडून दिले जाते. बारीक श्वासनलिका एकदा आवळून बंद झाल्या की पुन्हा उघडत नाहीत, त्यामुळे पहिल्या काळात दर तीन महिन्यांनी श्वासाची चाचणी करून घट सुरुवातीलाच पकडणे एवढेच हातात असते. थायरॉइड, मोतीबिंदू, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा, थॅलेसेमियाच्या मुलांत साठलेले लोह, यांकडेही वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागते.

लसींचे तर पहिल्यापासून सुरू करावे लागते, कारण लहानपणीच्या लसींची आठवण जुन्या मज्जेबरोबर पुसली जाते. निष्क्रिय लसी साधारण सहा महिन्यांनंतर केंद्राच्या वेळापत्रकाप्रमाणे देतात; गोवर, कांजिण्या यांच्या जिवंत लसी मात्र दोन वर्षांआधी आणि औषधे चालू असताना मुळीच नाहीत. माझ्या शाळेत कांजिण्यांची साथ आली की मी त्याच दिवशी त्याच्या केंद्राला कळवते. लावणीचा चिखल, कुजका पेंढा, भिंतींना धरलेली बुरशी यांपासून तो लांब राहतो आणि विहिरीचे पाणी उकळूनच पितो.

स्वतःच्याच मूलपेशी परत दिल्या जातात त्या मायलोमासारख्या (मज्जेतील एका कर्करोगाच्या) रुग्णांना जीव्हीएचडी सहसा होत नाही, पण ताप आणि लसी यांविषयीचे वरील सर्व त्यांनाही लागू आहे.

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी या दोन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली आहेत. त्यांनी आपल्या जिल्ह्यात परतलेल्या प्रत्यारोपित रुग्णांची नोंद ठेवावी, तापाच्या रुग्णासाठी पहिल्या तासाचे एक पानी सूचनापत्र ग्रामीण रुग्णालयांच्या अपघात विभागात लावावे, आणि किरणोत्सर्ग दिलेले रक्त मुंबईहून किंवा जिथे मिळेल तिथून मागवण्याची व्यवस्था आधीच ठरवून ठेवावी, असे मला मनापासून वाटते. प्रत्यारोपण केंद्रांनी रुग्णाला घरी सोडताना मराठीत छापलेले कार्ड द्यावे. आमचे मी स्वतः तयार करून प्लास्टिकमध्ये घातले आहे. प्रत्यारोपणाची तारीख, दात्याचा व रुग्णाचा रक्तगट, चालू औषधे, 'स्नायूत इंजेक्शन नको', 'किरणोत्सर्ग दिलेलेच रक्त', '१००.४ ताप म्हणजे तातडी', 'पपनस वर्ज्य', आणि केंद्राचा रात्रीचा दूरध्वनी क्रमांक. गेल्या पावसाळ्यात पुन्हा ताप आला तेव्हा त्याच रुग्णालयात आम्ही ते कार्ड टेबलावर ठेवले. त्याच तरुण डॉक्टरांनी ते वाचले, कल्चर घेतले आणि पंचवीस मिनिटांत पहिला डोस दिला.

दोन वर्षांच्या तापमानाची, वजनाची, जुलाबाच्या मापांची आणि गोळ्यांची वही माझ्याकडे आहे. आपल्या भागातील डॉक्टरांच्या संघटनेने या विषयावर बैठक घेतली, तर ती वही आणि कार्डाच्या प्रती घेऊन मी सुटीच्या कोणत्याही दिवशी येईन.

आपली नम्र,
एक दाता बहीण
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)